अपकृत्याचा कायदा आणि निवाडे शोधण्याची वाट

(आनेकल येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात संघटनेच्या सचिवांनी केलेले भाषण)



बोनसचा किंवा बदल्यांचा विषय असला की सभेला जागा पुरत नाही, आणि कायद्याचा विषय असला की सतरंजी मोकळी राहते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. कायदा वकिलांचा आणि मोर्चा आपला, अशी वाटणी आपणच करून ठेवली आहे. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेले. वकिली आमचा धंदा नाही. परंतु इतकी वर्षे कामगारांच्या फायली हाताळताना एक गोष्ट ध्यानात आली. माणूस दगावतो तेव्हा पहिल्या आठ दिवसांत घराच्या दारात वकील उभा नसतो, शाखेचा कार्यकर्ता उभा असतो. त्याला चार गोष्टी ठाऊक असल्या तर घर सावरते. म्हणून आज आपण अपकृत्याचा कायदा, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्याचा पाया, आणि कोर्टाचे निवाडे शोधायचे कसे, हे पाहणार आहोत.

आनेकलला हा विषय परका नाही. १३ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी बंगळूरहून एर्नाकुलमला जाणारी इंटरसिटी एक्स्प्रेस इथल्याच आनेकल रोड स्थानकाजवळ घसरली. डबे एकमेकांत घुसले, प्रवासी प्राणास मुकले, कित्येक जखमी झाले. अपघात कशाने झाला यावर तेव्हा नाना तर्क झाले. अशा वेळी गेलेल्या माणसाच्या बायकोने काय सिद्ध करायचे? रूळ कोणी तपासला, डब्याचे चाक कोणी पाहिले, चूक कोणाची, हे ती कुठून सांगणार? या एका प्रश्नात आजचा सारा विषय सामावलेला आहे.

प्रथम अपकृत्य म्हणजे काय ते पाहू. एखाद्याने चोरी केली, मारहाण केली तर तो गुन्हा. सरकार खटला भरते आणि शिक्षा देते. दोघांनी करार केला आणि एकाने मोडला तर तो करारभंग. अपकृत्य या दोहोंहून निराळे. तुमच्यामाझ्यात करार नसला तरी मला इजा होणार नाही इतपत काळजी घेण्याचे कर्तव्य कायद्याने तुमच्यावर घातलेले असते. ते मोडले आणि माझे नुकसान झाले तर मी दिवाणी मार्गाने भरपाई मागू शकतो. निष्काळजीपणाच्या दाव्यात चार गोष्टी दाखवाव्या लागतात. काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते मोडले गेले, नुकसान झाले, आणि ते नुकसान त्या मोडण्यामुळेच झाले. या चार खुंट्यांपैकी एक जरी निखळली तरी दावा पडतो. एकाच घटनेतून फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा असे दोन्ही निघू शकतात. म्हणून ‘फौजदारीत तो सुटला, आता आपल्याला काही मिळायचे नाही’ हा समज चुकीचा आहे. दोन्हीकडे पुराव्याचे माप वेगळे असते.

दुसरी गोष्ट, चूक नोकराची असली तरी जबाबदारी मालकाची. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या अपकृत्याबद्दल मालक भरपाई देण्यास बांधील असतो. मग मालक सरकार असेल तर? इथे एक जुना निवाडा सांगण्यासारखा आहे. कलकत्त्याला खिदिरपूरच्या सरकारी गोदीतले मजूर आगबोटीसाठी लोखंडाचा अवजड भाग रस्त्यावरून नेत होते. तेवढ्यात एका जहाज कंपनीची घोडागाडी आली. मजुरांनी तो भाग खाली टाकला, आवाजाने घोडा बुजला आणि जखमी झाला. कंपनीने ३५० रुपयांचा दावा लावला. १८६१ साली कलकत्त्याच्या कोर्टाने सांगितले की एखादा व्यापारी करील तसले काम सरकार करीत असेल, तर सरकारलाही व्यापाऱ्यासारखीच भरपाई द्यावी लागेल. पी. अँड ओ. कंपनीचा निवाडा म्हणून तो प्रसिद्ध आहे. २००० साली ‘चेअरमन, रेल्वे बोर्ड विरुद्ध चंद्रिमा दास’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे चालवणे हे व्यापारी स्वरूपाचे काम मानून रेल्वेला जबाबदार धरले. घोडागाडीपासून रेल्वे बोर्डापर्यंत हा धागा असा सलग आला आहे.

रेल्वे आणि हा कायदा यांचे नाते जन्मापासूनचे. पूर्वी इंग्रजी कायद्यात माणूस जखमी झाला तर भरपाई मागता येई, मेला तर घरच्यांना काही नाही! विलायतेत रेल्वे आली, अपघाती मृत्यू वाढले आणि १८४६ साली वारसांना हक्क देणारा कायदा झाला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली आणि दोनच वर्षांनी, १८५५ साली, प्राणघातक अपघातांचा कायदा आला.

आता आनेकलच्या त्या बाईच्या प्रश्नाकडे वळू. साध्या दिवाणी दाव्यात तिला रेल्वेची चूक शोधून सिद्ध करावी लागली असती. परंतु रेल्वे कायदा १९८९ चे कलम १२४ म्हणते की प्रवासी गाडीची टक्कर झाली, गाडी घसरली किंवा गाडीला असा अपघात झाला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावीच लागेल. रूळ की चाक, हा वाद चौकशी करणाऱ्यांनी करावा. १९९४ साली त्यात कलम १२४-अ आले आणि गाडीतून अपघाताने पडणारा प्रवासीही या संरक्षणात आला. आत्महत्या वा तिचा प्रयत्न, स्वतःला जाणूनबुजून केलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेत वा वेडाच्या भरात केलेले कृत्य, आणि नैसर्गिक कारण वा आजार, एवढेच अपवाद. मृत्यूची भरपाई १९९७ पासून ४ लाख होती, ती १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये झाली. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे करायचा. मुंबई, नागपूर आणि इथे बंगळूर या तिन्ही ठिकाणी त्याचे पीठ आहे. मुदत अपघातापासून एक वर्ष. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे पुढेच आहे. या कलमांसाठी ‘प्रवासी’ या शब्दात कामावर असलेला रेल्वे नोकरही येतो. गाडी घसरली आणि त्या गाडीवरचा आपला भाऊ गेला तर त्याचे कुटुंबही कलम १२४ चे दार ठोठावू शकते. मात्र कलम १२८ सांगते की एकाच अपघाताची भरपाई दोनदा मागता येणार नाही. म्हणून कोणत्या दाराने जायचे ते हिशेब करून आधी ठरवावे.

ट्रॅकमन रुळावर काम करताना गाडीखाली सापडला तर मात्र ते दार नव्हे. तो गाडीचा अपघात नाही, कामावरचा अपघात आहे. त्यासाठी १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता. कामामुळे आणि कामाच्या दरम्यान अपघात झाला एवढे दाखवले की पुरे, मालकाची चूक दाखवायची गरज नसे. टपालवाल्या साथींनी हेही ऐकावे. त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत रेल्वे मेल सर्व्हिसचे सॉर्टर आणि मेलगार्ड होते, आणि टपाल खात्यात बाहेर फिरून काम करणारेही होते. आता हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गेला आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. म्हणून फाईल उघडताना पहिल्या ओळीत अपघाताची तारीख लिहा. कोणता कायदा लावायचा ते तारखेवरून ठरते.

कामावर जाताना वाटेत अपघात झाला तर? महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. ही २२ एप्रिल २००३ ची गोष्ट. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. वेळ, जागा आणि नोकरी यांचा धागा जुळत असेल तर घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही नोकरीतलाच धरला जाईल, असे त्या निवाड्याचे सार आहे. बावीस वर्षे, साथींनो! त्या घरातले पोर तेवढ्यात बापाच्या वयाला आले असेल. पण पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या प्रत्येक पॉइंट्समनला आणि सॉर्टरला तो निवाडा आज उपयोगी आहे.

टपालाचे एक वेगळेपण आहे. टपाल हरवले, उशिरा पोचले, चुकीच्या हाती पडले तर खात्याची जबाबदारी कायद्यानेच मर्यादित केलेली आहे. १८९८ च्या कायद्यात तसे कलम होते आणि १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय कायदा २०२३ मध्येही तसे कलम आहे. कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा मुद्दाम काही केले असेल तरच तो स्वतः जबाबदार ठरतो. म्हणजे प्रामाणिक चुकीसाठी पोस्टमनला कोणी कोर्टात खेचू लागला तर हे कलम त्याची ढाल आहे. परंतु बचतीच्या पैशाचे तसे नाही. ‘प्रदीप कुमार विरुद्ध पोस्टमास्टर जनरल’ या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने टपाल खात्याला जबाबदार धरले. किसान विकास पत्रांचे पैसे मालकाच्या हाती न पडता परस्पर लाटले गेले होते, आणि त्यात खात्याच्या माणसाचा हात होता. तेव्हा खिडकीवर बसणाऱ्या साथींनी ‘साहेबांनी तोंडी सांगितले’ यावर पैसे देऊ नयेत. नियम पाहा, सही घ्या.

हा कायदा दुधारी आहे हेही विसरू नये. १९०० साली वेल्समध्ये टॅफ व्हेल रेल्वेच्या कामगारांनी संप केला. कंपनीने संघटनेवरच अपकृत्याचा दावा लावला, १९०१ साली तो जिंकला आणि संघटनेला २३ हजार पौंड भरावे लागले. १९०६ साली तिथल्या कामगारांनी कायदा बदलून घेतला. आपल्याकडे मद्रासच्या गिरणी संपात बी. पी. वाडियांवर हायकोर्टाची मनाई आली, तेव्हा ना. म. जोशींनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात संघटनांच्या संरक्षणाचा ठराव मांडला. त्यातून १९२६ चा कामगार संघटना कायदा झाला आणि त्याच्या कलम १८ ने नोंदणीकृत संघटनेला असल्या दाव्यांपासून संरक्षण दिले. ते संरक्षण आता औद्योगिक संबंध संहितेत आले आहे. संपामुळे झालेल्या नुकसानीचे पैसे मालकाला कामगारांकडून वसूल करता येणार नाहीत, हे रोहतास इंडस्ट्रीजच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ए.आय.आर. १९७६ एस.सी. ४२५, हा आकडा लिहून घ्या. नोंदणीचे कागद आणि वार्षिक विवरण वेळेवर का पाठवायचे, असे शाखा विचारतात. उत्तर हे आहे.

आता निवाडे शोधायचे कसे? आत्ता सांगितलेल्या आकड्यापासूनच सुरुवात करू. ए.आय.आर. म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर. आपल्या नागपुरातून १९१४ पासून निघणारे हे निवाड्यांचे नियतकालिक. १९७६ हे वर्ष, एस.सी. म्हणजे सुप्रीम कोर्ट, ४२५ हे पान. दुसरा नमुना, (२०१९) ३ एस.सी.सी. ५७२. वर्ष २०१९, खंड तिसरा, सुप्रीम कोर्ट केसेस हे प्रकाशन, पान ५७२. पोस्टाचा पिन कोड वाचणाऱ्याला हे अवघड नाही. सॉर्टर पिन कोडवरून गाव काढतो, तसा आकड्यावरून निवाडा निघतो.

पायऱ्या अशा. पहिली, आपला प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘गाडीतून पडून मृत्यू, तिकीट सापडले नाही, भरपाई मिळेल का?’ इतका नेमका. दुसरी, प्रश्नाला लागू होणारे कलम मूळ कायद्यात काढा. सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर केंद्राचे कायदे फुकट वाचता येतात. तिसरी, त्या कलमावरचे भाष्य पाहा. अपकृत्यावर रतनलाल आणि धीरजलाल यांचे पुस्तक जिल्हा कोर्टाच्या ग्रंथालयात बहुधा मिळते. त्यात प्रत्येक मुद्द्याखाली निवाड्यांचे आकडे असतात. चौथी, त्या आकड्यावरून निवाडा काढा. सर्वोच्च न्यायालयाचे छापील निवाडे जानेवारी २०२३ पासून ई-एस.सी.आर. या संकेतस्थळावर सर्वांना मोफत खुले आहेत आणि काहींचे मराठी भाषांतरही मिळते. इंडियन कानून या संकेतस्थळावर कलम आणि दोन-चार शब्द टाकूनही शोध होतो. घरातली कॉलेजची मुले हे काम पाच मिनिटांत करून देतात.

पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. निवाडा स्वतः वाचा. वर छापलेली टीप म्हणजे निवाडा नव्हे, ती प्रकाशकाची असते. कागदाचे चार भाग करा. घटना काय होती, प्रश्न काय होता, कोर्टाने काय ठरवले, का ठरवले. ‘का’ हाच भाग पुढच्या कोर्टावर बंधनकारक असतो. ओघात केलेली टिप्पणी तशी नसते. घटना आपल्यासारखी नसेल तर निवाडा कितीही गोड असला तरी उपयोगाचा नाही. सहावी, तो निवाडा नंतर फिरवला गेला नाही ना, हे पाहा. सातवी, वजन पाहा. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेला कायदा घटनेच्या १४१ व्या अनुच्छेदानुसार देशातल्या सर्व न्यायालयांना बांधतो. मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडा कर्नाटकात आधार म्हणून दाखवता येतो, पण तो इथे बंधनकारक नाही.

आणि एक धोक्याचा इशारा. हल्ली संगणकाला प्रश्न विचारला की तो ऐटीत निवाडे सांगतो, आणि त्यातले काही जगात नसतातच! इथे बंगळुरात एका दिवाणी न्यायाधीशांच्या आदेशात अस्तित्वात नसलेले निवाडे आल्याचे दिसून आले आणि मार्च २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याबाबत चौकशीचा आदेश दिला. जिथे न्यायाधीशांच्या आदेशात असे घडू शकते तिथे आपण सावध राहायलाच हवे. जो निवाडा डोळ्यांनी वाचला नाही तो अर्जात घालू नका.

या सगळ्याचा उपयोग कसा होतो ते एका घटनेवरून सांगतो. आमच्या ओळखीच्या एका टपाल कामगाराचा धाकटा भाऊ चालत्या गाडीतून पडून गेला. खिशात तिकीट सापडले नाही. कोणीतरी सांगितले, विनातिकीट माणूस, काही मिळायचे नाही. घरच्यांनी ते खरे मानले आणि दहा महिने गप्प बसले. शाखेतल्या पोरांनी कलम काढले, निवाडे काढले. ‘प्रभाकरन विजय कुमार’ या २००८ च्या निवाड्यात कोर्टाने सांगितले होते की ही जबाबदारी चुकीवर अवलंबून नाही. ‘जमीला’ या २०१० च्या निवाड्यात म्हटले होते की दारात निष्काळजीपणे उभे राहणे म्हणजे गुन्हा नव्हे, की जाणूनबुजून करून घेतलेली इजाही नव्हे. आणि ‘रीना देवी’, तोच (२०१९) ३ एस.सी.सी. ५७२, त्यात नेमके उत्तर होते. नुसता मृतदेह रेल्वेच्या हद्दीत सापडला म्हणून माणूस प्रवासी ठरत नाही, पण तिकीट सापडले नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असेही ठरत नाही. घरच्यांनी प्रवासाची हकिकत शपथपत्रावर द्यावी, मग ती खोडण्याचा भार रेल्वेवर जातो.

निवाडा मिळाला, पण हकिकत कोण सांगणार? पोरांनी पंचनाम्याची नक्कल काढली, त्याच्याबरोबर स्टेशनवर गेलेला शेजारी शोधला. त्याने तिकीट खिडकीवर दोघांनी मिळून रांग धरल्याचे शपथेवर सांगितले. मुदत संपायला नऊ दिवस असताना अर्ज दाखल झाला. उलटतपासणी झाली, तारखा पडल्या, आणि अखेर भरपाई मंजूर झाली. त्याची बायको आमच्यापाशी पैशाबद्दल फारसे बोलली नाही. ती म्हणाली, “भाऊ, माझा माणूस फुकट्या नव्हता, हे कोर्टाच्या कागदावर आलं.” त्या बाईने दहा महिने लोकांच्या तोंडून तो शब्द ऐकला होता.

म्हणून प्रत्येक शाखेला आमचे सांगणे आहे. अपघाताची एक वही ठेवा. घटना घडली त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, गाडी क्रमांक, साक्षीदारांची नावे लिहा. तिकीट, पास, पाळीपत्रक यांची नक्कल घ्या. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागा. मुदतीचा दिवस लाल शाईने लिहा. रेल्वे न्यायाधिकरणाला एक वर्ष. १९२३ च्या कायद्याखालच्या जुन्या प्रकरणांना दोन वर्षे. बीटवरच्या पोस्टमनला मोटारीने उडवले तर मोटार अपघात न्यायाधिकरणासाठी कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून सहा महिने लिहिले आहेत. सरकारवर साधा दिवाणी दावा लावायचा तर कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. आणि दर महिन्याच्या बैठकीत एकाने एक निवाडा वाचून दहा मिनिटांत मराठीत सांगावा. वर्षाला बारा निवाडे झाले तरी शाखा शहाणी होईल.

वकील लागेलच, त्याला आपण पर्याय नाही. पण घटना, कलम, तारीख आणि निवाडा हातात घेऊन गेलेल्या कामगाराला वकीलही खुर्ची देतो. हे सारे हक्क कोणा मागच्या पिढीतल्या विधवेने, कोणा मजुराने कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवलेले आहेत. ते छापील पानांत पडून आहेत. ती पाने उघडण्याचे काम आपले आहे.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. कामगार एकजुटीचा विजय असो!